नोकरीत असताना अपंगत्व आलं तर : सही करण्याआधी हे वाचा



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीला गेले होते. बचत गोळा झाली, हप्ते झाले आणि अंतर्गत कर्जाची मागणी सुरू झाली. एका ताईंनी तीस हजार मागितले. सचिवांनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "घरखर्चाला. ह्यांची नोकरी सुटणार आहे."

सतरंजीवर सगळ्या गप्प झाल्या. त्यांचे मालक एका सरकारी कार्यालयात शिपाई. वय पंचेचाळीस, नोकरी बावीस वर्षांची. साखरेचा आजार होता. पायाच्या अंगठ्याला जखम झाली, ती चिघळली आणि शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. चार महिने घरी होते. मग कार्यालयातला एक माणूस घरी आला, टाइप केलेला कागद ठेवून गेला. "एवढी सही करा. पेन्शन लवकर सुरू होईल. तुमच्या जागी बाईंना कुठेतरी घेऊ," असं सांगून गेला.

ताईंनी तो कागद पिशवीतून काढून माझ्या हातात दिला. पहिलीच ओळ होती, "मी स्वखुशीने सेवेतून स्वेच्छानिवृत्ती घेत आहे..." मी विचारलं, "ताई, ही स्वखुशी कोणाची?" त्या म्हणाल्या, "आमची कसली खुशी? पाय गेल्यावर नोकरी जाणारच ना?"

तर या महिन्याचा पाठ याच प्रश्नावर. पाय गेला, नजर गेली, हात गेला म्हणजे सरकारी नोकरी जाणारच का? उत्तर आहे, नाही. पण हे उत्तर बहुतेक घरांना सही केल्यानंतर कळतं. मीही समाजकार्याचं शिक्षण घेतलंय, पण खरं सांगते, हे कलम त्या दिवशी मला पाठ नव्हतं. "सही थांबवा, मी दोन दिवसांत वाचून सांगते," एवढंच म्हणाले. वाचलं ते आता सगळ्यांसाठी लिहिते आहे. आपल्या गटांतल्या कितीतरी घरांत कोणी जिल्हा परिषदेत आहे, कोणी शाळेत, कोणी ग्रामपंचायतीत, कोणी एसटीत किंवा वीज कंपनीत. उद्या कोणावर वेळ येईल सांगता येत नाही.

कायदा काय म्हणतो

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचं कलम २०, पोटकलम ४ लक्षात ठेवा. भिंतीवर लिहून ठेवलं तरी चालेल. त्यात तीन गोष्टी आहेत.

पहिली : नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही. त्याला खालच्या पदावरही टाकता येत नाही.

दुसरी : आधीचं काम त्याला जमत नसेल, तर त्याला दुसऱ्या पदावर घ्यायचं. पगाराची श्रेणी तीच आणि सेवेचे फायदेही तेच. फाइली घेऊन जिने चढणं जमत नसेल, तर एका जागी बसून टपालाची नोंद करता येते, फोन घेता येतो.

तिसरी : असं दुसरं पदच नसेल, तर त्याच्यासाठी जादा पद ठेवता येतं. सरकारी भाषेत याला 'अधिसंख्य पद' म्हणतात. योग्य पद रिकामं होईपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, यातलं जे आधी येईल तोपर्यंत, त्या पदावर त्याला ठेवता येतं. म्हणून "आमच्याकडे जागाच नाही" हे कारण पुरेसं नाही.

हे नवीनही नाही. याआधी १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा होता, त्याच्या कलम ४७ मध्येही हेच संरक्षण होतं. म्हणजे पंचवीस-तीस वर्षं हा हक्क कागदावर आहे. घरापर्यंत मात्र पोहोचत नाही.

'सरकारी आस्थापना' म्हणजे फक्त मंत्रालय किंवा तहसील नाही. जिल्हा परिषद, नगरपालिका, ग्रामपंचायत, कायद्याने स्थापन झालेली महामंडळं, सरकारी कंपन्या आणि सरकारच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्था, हे सगळं त्यात येतं. सैन्यदलातल्या जवानांच्या पेन्शनचे नियम वेगळे आहेत आणि निमलष्करी दलांच्या लढाऊ पदांना केंद्राने या कलमातून सूट दिली आहे. ज्यांच्या घरी फौजी आहेत त्यांनी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं.

अपंगत्व कोणतं? २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत. हात-पाय, दृष्टी आणि ऐकणं तर आहेच. त्याशिवाय मानसिक आजार, पार्किन्सन, सिकलसेल, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्यातल्या पीडित व्यक्ती असे प्रकारही आहेत. नुसती साखर किंवा नुसता रक्तदाब या यादीत नाही. पण साखरेमुळे पाय गेला किंवा दिसेनासं झालं, तर ते अपंगत्व यादीत बसतं. म्हणून आजाराच्या कागदासोबत अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढणं फार महत्त्वाचं.

तीन कागद, तीन परिणाम

सहीसाठी जो कागद समोर येतो त्याचं नाव काय, हे आधी वाचा. वाचता येत नसेल तर गटात आणा. तिन्ही कागद सारखेच दिसतात, पण घराचं भवितव्य प्रत्येकाने वेगळं होतं. राज्य सरकारचे आणि जिल्हा परिषदेचे कर्मचारी डोळ्यांसमोर ठेवून सांगते.

राजीनामा. हा सगळ्यात घातक. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ नुसार राजीनामा दिला की आधीची सेवा जप्त होते. वीस वर्षं नोकरी केली असली तरी पेन्शनसाठी ती धरत नाहीत.

स्वेच्छानिवृत्ती. वीस वर्षं सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन ही घेता येते. पेन्शन मिळतं. पण कागदावर लिहिलं जातं की मी माझ्या इच्छेने गेलो. अपंगत्वाचा उल्लेखही बऱ्याचदा नसतो. मग नंतर "आम्ही काढलं नाही, तेच गेले" असं म्हणायला कार्यालय मोकळं. नोटीस देऊन झाली असेल तरी निवृत्तीची तारीख उजाडण्याआधी ती मागे घेण्याची परवानगी मागता येते. त्यामुळे सही झालेल्या घरांनी हातपाय गाळू नयेत, पण उशीरही करू नये.

रुग्णता निवृत्ती. शरीराने किंवा मनाने कायमचं असं झालं की सेवा करणंच शक्य नाही, आणि वैद्यकीय मंडळाने तसं लिहून दिलं, तेव्हा मिळतं ते रुग्णता निवृत्तिवेतन. हा खरा हक्काचा लाभ आहे. पण तो शेवटचा रस्ता आहे. माणूस दुसरं काम करू शकत असेल, तर आधी दुसरं पद मागायचं.

चौथा कागद मात्र कोणी घरी आणून देत नाही. तो आपणच लिहायचा असतो. तो म्हणजे पर्यायी पदासाठीचा अर्ज. त्याचा नमुना खाली दिला आहे.

पैशाचा हिशोब मांडून बघू

आपण गटात व्याजाचा हिशोब करतो, तसाच हा करू. समजा शिपाईदादांचं मूळ वेतन ३०,००० रुपये आहे. पूर्ण निवृत्तिवेतन मिळालं तरी ते मूळ वेतनाच्या निम्मं असतं, म्हणजे १५,०००. म्हणजे दर महिन्याला १५,००० चा फरक पडला. वर्षाचा फरक १,८०,०००. राज्यात शिपाई वर्गाचं निवृत्तीचं वय ६०. दादा ४५ चे आहेत, म्हणजे अजून १५ वर्षं. १,८०,००० गुणिले १५, म्हणजे २७ लाख रुपये.

यात महागाई भत्ता धरला नाही, दरवर्षीची वेतनवाढ धरली नाही. आणि ६० व्या वर्षी निवृत्त होताना मूळ वेतन वाढलेलं असतं, त्यामुळे पेन्शनही जास्त बसतं. पुढे बाईला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतनही त्याच वेतनावर ठरतं. म्हणजे ती एक सही २७ लाखांपेक्षा जास्त रकमेची होती. बैठकीत हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "आपण दोन हजाराच्या कर्जाला दोन जामीनदार मागतो, आणि हे एवढ्या रकमेला कोणालाच विचारत नाहीत!"

न समजता केलेल्या सहीचं काय?

सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा एक निकाल इथे सांगण्यासारखा आहे. भगवान दास विरुद्ध पंजाब राज्य वीज मंडळ असा तो खटला. भगवान दास हे वीज मंडळात सहायक लाइनमन होते. १९९४ साली त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यांना कायदा माहीत नव्हता. आता मी काम करू शकत नाही, मला निवृत्त करा आणि माझ्या जागी बायकोला काम द्या, असं पत्र त्यांनी दिलं. मंडळाने निवृत्ती मान्य केली. बायकोला काम काही मिळालं नाही.

पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा मंडळाचं म्हणणं होतं की ते स्वतःहून गेले. न्यायालयाने ते मानलं नाही. ज्याला आपला हक्कच माहीत नाही त्याच्या अशा पत्राचा फायदा घेता येणार नाही, उलट कायद्याने मिळणारं संरक्षण त्याला सांगणं हे अधिकाऱ्यांचं काम होतं, असा त्या निकालाचा अर्थ. त्यांना सेवेत धरून सगळे लाभ द्यायला सांगितलं.

पण यात एक गोष्ट विसरू नका. १९९४ ला दृष्टी गेली आणि निकाल लागला २००८ ला. मधली चौदा वर्षं त्या घराने कशी काढली असतील? न्याय मिळतो, पण सही थांबवली असती तर कोर्टाची पायरी चढावी लागली नसती. आपल्याला हाच धडा घ्यायचा आहे.

मग रुग्णता निवृत्तिवेतन कधी घ्यायचं?

काही आजार असे असतात की माणूस अंथरुणाला खिळतो, स्वतःचं स्वतः करू शकत नाही. अशा घराला "दुसरं पद मागा" म्हणणं बरोबर नाही. तिथे रुग्णता निवृत्तिवेतन वेळेत मिळवणं हेच काम. त्यासाठी काही गोष्टी माहीत हव्यात.

नोकरीला कधी लागले ते बघा. राज्य सरकारच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांना जुनं पेन्शन आहे. त्या नियमांत पेन्शनसाठी साधारण दहा वर्षांची सेवा धरतात. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर लागलेल्यांना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना, म्हणजे एनपीएस. "एनपीएसवाल्यांना काहीच मिळत नाही" असं गावात सर्रास बोलतात, पण ते आता खरं नाही. राज्याच्या वित्त विभागाने ३१ मार्च २०२३ ला शासन निर्णय काढला. त्यानुसार एनपीएसमधल्या कर्मचाऱ्यालाही रुग्णता निवृत्तिवेतन आणि उपदान मिळतं, आणि सेवेत मृत्यू झाल्यास घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी २०१९ मध्ये नियम बदलला. तिथे दहा वर्षं भरली नसली तरी रुग्णता निवृत्तिवेतन मिळू शकतं.

ज्यांच्या पगारातून पीएफ कापला जातो त्यांची पेन्शन योजना वेगळी. ती कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५. तिच्यात नेहमीच्या पेन्शनला दहा वर्षं लागतात, पण नोकरीत असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व आलं तर ही अट नाही. एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी अपंगत्वाचं पेन्शन मागता येतं. त्यासाठी पीएफ कार्यालयात दहा-डी नंबरचा अर्ज भरायचा आणि त्यांनी ठरवलेल्या वैद्यकीय मंडळापुढे तपासणी करायची. कंत्राटी कामगारांच्या घरांनीही हे लक्षात ठेवावं. पीएफ कापला जातो की नाही, हे पगाराच्या चिठ्ठीवर बघा.

अपघात कामावर असताना झाला असेल तर त्याची नोंद त्याच आठवड्यात कार्यालयात करून घ्या. कामावर झालेल्या इजेसाठी वेगळे लाभ असतात, पण नोंदच नसेल तर नंतर सिद्ध करणं अवघड जातं.

घरच्या बाईने काय करायचं?

माणूस दवाखान्यात असतो तेव्हा धावपळ आपलीच होते. म्हणून क्रमाने सांगते.

१. रजेचा अर्ज थांबू देऊ नका. डॉक्टरांच्या दाखल्यासह रजेचा अर्ज वेळच्या वेळी द्या आणि आपल्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का घ्या. अर्जित रजा, अर्धवेतनी रजा, परावर्तित रजा असे प्रकार असतात. कोणती किती शिल्लक आहे ते लेखी विचारा. अर्ज न देता घरी राहिलं की 'विनापरवाना गैरहजर' असा शेरा पडतो, आणि मग अपंगत्व बाजूला राहून भलतीच चौकशी सुरू होते.

२. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढा. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते. त्यावरून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. आपलं सुविधा केंद्र किंवा सीआरपी ताई नोंदणीला मदत करतील.

३. वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यातले शब्द वाचा. "सेवेस कायमस्वरूपी पूर्णतः असमर्थ" आणि "सध्याच्या पदाच्या कामास असमर्थ, परंतु बैठे काम करू शकतात" या दोन वाक्यांत नोकरी राहण्याचा आणि जाण्याचा फरक आहे. तपासणीच्या वेळी मालकांनी स्वतः सांगावं की मी बसून काम करू शकतो, मला काम करायचं आहे. डॉक्टरांना हे सांगितल्याशिवाय कळणार नाही.

४. सेवापुस्तकाची प्रत मागा. त्यात जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख, घरच्यांची नावं आणि नामनिर्देशन बघा. आपलं नाव आधारवर एक, रेशनकार्डवर दुसरं आणि सेवापुस्तकात माहेरचं, असं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

५. घरात दिव्यांग मूल असेल तर त्याची नोंद कार्यालयात आई-वडील नोकरीत असतानाच करून ठेवा. जे मूल अपंगत्वामुळे स्वतः कमावू शकत नाही, त्याला आई-वडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन पुढे आयुष्यभर मिळण्याची तरतूद नियमांत आहे. नोंद नसेल तर ते मूल मोठेपणी कोणाच्या दारात जाणार?

६. तोंडी शब्दावर जाऊ नका. "बाईंना घेऊ" असं कोणी म्हणालं तर "साहेब, कोणत्या नियमाने, ते लिहून द्या" म्हणा. भगवान दास यांच्या घराचं काय झालं ते वर वाचलंच आहे.

अर्जाचा नमुना

प्रति,
मा. कार्यालयप्रमुख,
(कार्यालयाचं नाव व पत्ता)

विषय : सेवेत असताना आलेल्या दिव्यांगत्वामुळे पर्यायी पदावर सामावून घेणेबाबत.

महोदय / महोदया,

मी आपल्या कार्यालयात (पद) या पदावर (तारीख) पासून कार्यरत आहे. दिनांक (तारीख) रोजी (आजार / अपघात) यामुळे मला (अपंगत्वाचा प्रकार) असे दिव्यांगत्व आले आहे. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. सध्याच्या पदाचे काम करणे मला शक्य नसले तरी मी बैठे काम करू शकतो / शकते आणि सेवेत राहण्याची माझी इच्छा आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) नुसार मला समान वेतनश्रेणी व सेवालाभांसह पर्यायी पदावर सामावून घ्यावे. असे पद उपलब्ध नसल्यास अधिसंख्य पदावर ठेवण्यात यावे, ही विनंती. माझ्या अर्जावरील निर्णय मला लेखी कळवावा. मी स्वेच्छानिवृत्ती मागितलेली नाही.

आपला / आपली विश्वासू,
(सही, नाव, तारीख)

दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन घरी ठेवायची. हातात घेत नसतील तर पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

ऐकलं नाही तर दाद कुठे?

प्रत्येक सरकारी आस्थापनेत दिव्यांगांसाठी तक्रार निवारण अधिकारी नेमायचा आहे, असं याच कायद्याचं कलम २३ सांगतं. तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. त्यानंतर राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, त्यांचं कार्यालय पुण्याला आहे. त्यांच्याकडे लेखी तक्रार पाठवता येते.

वकिलाच्या फीची भीती वाटते ना? जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि तालुका विधी सेवा समिती मोफत वकील देतात. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिला आणि दिव्यांग व्यक्ती या दोघांनाही हा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात जाऊन "विधी सेवा समिती कुठे बसते?" एवढंच विचारायचं.

ज्यांना हे लागू होत नाही त्यांच्यासाठी

बैठकीत एका अंगणवाडी सेविका ताईंनी विचारलं, "मग आमचं काय?" प्रश्न रास्त आहे. अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा ताई मानधनावर आहेत. वर सांगितलेलं सरकारी निवृत्तिवेतन त्यांना मिळत नाही. हे कटू आहे, पण गोड करून सांगण्यात अर्थ नाही. त्यांनी आणि आपण सगळ्यांनी निदान एक गोष्ट करावी. बँक खात्याला प्रधानमंत्री सुरक्षा विमा जोडून घ्यावा. वर्षाला २० रुपये. वय १८ ते ७०. अपघातात मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख, आणि एक हात, एक पाय किंवा एका डोळ्याची नजर गेल्यास १ लाख. आजारामुळे आलेल्या अपंगत्वाला हा विमा नाही, फक्त अपघाताला आहे. हप्ता खात्यातून मे अखेर-जूनमध्ये कापला जातो, तेव्हा खात्यात तेवढे पैसे ठेवा.

त्या ताईंचं पुढे काय झालं?

सही केली नाही. दोन दिवसांनी आम्ही तिघी, त्या, सचिव आणि मी, वरचा अर्ज घेऊन कार्यालयात गेलो. पहिल्या दिवशी "साहेब नाहीत" झालं. दुसऱ्या वेळी टेबलावरून टेबलावर पाठवलं. तिसऱ्या वेळी शिक्का मिळाला. आता रजा मंजूर झाली आहे, अर्धवेतनी का होईना पण पगार सुरू आहे, आणि वैद्यकीय मंडळाची तारीख मिळाली आहे. पर्यायी पदाचा आदेश हे लिहीपर्यंत हातात आलेला नाही. आला की कळवीन, नाही आला तर पुढची पायरी आपल्याला माहीत आहे.

गटाने त्यांना तीस हजारांऐवजी दहा हजार दिले, दवाखान्यासाठी आणि जाण्यायेण्यासाठी. बाकीची गरज नाही म्हणून त्यांनीच सांगितलं. घरखर्चाला पगार आहे.

पुढच्या बैठकीत चर्चा करा

१. आपल्या गटात किती घरांत सरकारी, निमसरकारी किंवा पीएफ असलेली नोकरी आहे? नोकरीला लागल्याची तारीख किती जणींना माहीत आहे?

२. सेवापुस्तकात किंवा पीएफमध्ये आपलं नाव बरोबर लागलं आहे का? पुढच्या महिन्यापर्यंत विचारून यायचं.

३. एका ताईने कार्यालयातला माणूस व्हावं, एकीने घरची बाई. "एवढी सही करा" पासून सुरुवात करा. बाकीच्यांनी बघावं, बाई कुठे अडते.

४. ठराव करा : गटातल्या कोणाच्याही घरी नोकरीसंबंधी कागदावर सही करायची वेळ आली, तर तो कागद आधी गटात वाचला जाईल. इतिवृत्तात लिहून ठेवा.

कागद वाचायला वेळ मागणं म्हणजे साहेबांचा अपमान नाही. "घरी विचारून सांगते" हे वाक्य आपण एरवी शंभर वेळा म्हणतो. या वेळी "गटात विचारून सांगते" म्हणा.

तुमची,
क्षेत्र समन्वयक